हौशीरामासाठी लावलेली तंबाखू

महाळुंगे पडवळच्या भिमाजीचं कुणाशी भांडण असं नव्हतं. भांडण मिटतं. भिमाजी धरायचा ते वैर, आणि ते तो दुधावरच्या सायीसारखं जपायचा. एकदा मंचरच्या स्टँडवर कंडक्टरनं घंटी मारली आणि भिमाजी खालीच राहिला. त्या दिवसापासून त्या वेळेच्या एस.टी.त त्यानं पाय ठेवला नाही. तो कंडक्टर रिटायर होऊन नातवंडं खेळवू लागला, तरी ती गाडी समोरून निघाली की भिमाजी तिच्याकडे पाठ करून उभा राही. बांधावरच्या आंब्यानं एका वादळात त्याच्या खांद्यावर फांदी टाकली, तेव्हापासून त्या झाडाचा आंबा त्यानं चाखला नाही. झाड मात्र दरवर्षी लदबदून येई. त्याला या प्रकरणाची काही कल्पना असेल असं वाटत नव्हतं.

बाकी माणूस सोन्यासारखा. अडल्यानडल्याला बैल देईल, बी देईल, स्वतः राबायला जाईल. आणि तंबाखू तर कुणालाही देईल.

गावात ऊस आला, टोमॅटो आला, बटाट्यानं तर शिवार व्यापलं. तंबाखू हळूहळू सगळ्यांनी सोडली. भिमाजीनं नाही सोडली. माळाच्या तुकड्यात दरवर्षी तो ती लावायचा आणि लेकरासारखी वाढवायचा. रानात आधी मेंढरं बसवायची, चुलीची राख पसरायची, पोटॅश वेळेवर द्यायचं, पाण्याची पाळी चुकवायची नाही. मग पान यायचं रुंद, पातळ, मऊ. वाळलं की मधाच्या रंगाचं. भिमाजीची तंबाखू दाढेखाली धरली की म्हातारी माणसं डोळे मिटून घेत. बायकोनं, साळुबाईनं, त्याच पानाची मिश्री भाजली की आळीला वास जाई.

या तंबाखूला नाव ठेवणारा माणूस जन्माला यायचा होता. तो ओतुरात जन्मून, वाढून, चांगला साठीला टेकला होता, हे भिमाजीला लेकीच्या लग्नात कळलं.

लेक संस्कृती ओतूरला दिली. जावई सार्थक शांत, गुणी पोरगा. ते गुण त्यानं आईकडून, ठकूबाईकडून घेतले असावेत, कारण बाप हौशीराम म्हणजे उघडा भोंगा. उंचापुरा, पिळदार मिशा, खांद्यावर कायम पांढरं स्वच्छ उपरणं, आणि जिभेला लगाम नाही. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पुरुष मंडळी मांडवात पानसुपारीला बसली. भिमाजीनं चंची सोडली, मन लावून तंबाखू मळली आणि मोठ्या मानानं तळहात व्याह्यापुढे केला.

हौशीरामानं चिमूट उचलली, ओठाखाली धरली. सगळा मांडव बघत होता. त्यानं जरा विचार केल्यासारखं केलं आणि पचकन मांडवाच्या खांबाशी थुंकला.

"पावणं," तो म्हणाला, "ही तंबाखू हाय का मेथीची भाजी? आमच्या ओतुरात असली बाळंतिणीला खायला घालत्यात!"

मांडव हसला. ओतूरकर हसले ते ठीक, पण महाळुंग्याचेही हसले. भिमाजी सुद्धा हसला, कारण मुलीचा बाप होता. हसताना त्याची कानशिलं तापलेल्या तव्यासारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत गेला तर कुणीतरी म्हणालं, "या मेथीवाले!" आठवड्याभरात लहान पोरंही म्हणू लागली. ज्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून त्याची तंबाखू खाल्ली होती, तेही चिमूट उचलताना विचारायला लागले, "भिमाजी, जुडी कितीला दिली?"

भिमाजीनं एका रात्री जेवण ताटात तसंच ठेवून साळुबाईला सांगितलं, "त्यानं भर मांडवात थुकलं. आता भर लोकांत त्यानं म्हनलं पायजे, भिमाजी, तुझी तंबाखू खरी. त्याच्या त्वांडानं वदवून घेतल्याबिगर मी मरत न्हाई."

"मंग लई जगाल," साळुबाई म्हणाली. "आमटी गार व्हतीया."

आता सूड म्हटला की माणूस कुऱ्हाड घेतो, कोर्टात जातो, निदान भानामती करणाऱ्याचा पत्ता काढतो. भिमाजी शेतकरी. त्यानं सूड पेरायचा ठरवला. हौशीरामाला कडक तंबाखू पाहिजे काय? मग अशी कडक पिकवू, की पहिल्या चिमटीला त्याच्या मिशा सरळ व्हाव्यात.

आणि दैव बघा, २०२३ चा पावसाळा त्याच्या मदतीला धावला. ज्येष्ठ कोरडा गेला, आषाढात चार शिंतोडे, श्रावणात तर आभाळ धुतल्या भांड्यासारखं लख्ख. सगळा तालुका हवालदिल झाला होता आणि एकटा भिमाजी खुशीत होता. त्याला पक्कं ठाऊक होतं, की पोटभर प्यालेलं तंबाखूचं झाड गरीब होतं आणि तहानलेलं रागावतं. पान वाढत नाही, आखडतं, जाड होतं, आणि पसरायला जागा मिळाली नाही की सगळा तिखटपणा तेवढ्यात दाटून बसतो. ढग दिसला की तो अंगणात येऊन त्याच्यावर डोळे वटारायचा.

"गाव पावसासाठी देव पान्यात घालून बसलंय," साळुबाई म्हणायची, "आन आमचं येडं ढगाला हाकलतंय! आवं, हिरीचा तळ दिसाया लागला. बाकीच्या रानाला काय मुतून भिजवनार हाये का?"

पोळा झाल्यावर भिमाजीनं रोपं लावली, जगण्यापुरतं पाणी दिलं आणि मंचरला गेणभाऊच्या खताच्या दुकानात गेला.

"युरिया दे," तो म्हणाला.

"देतो. आन पोटॅश?"

"पोटॅश नको."

गेणभाऊनं चष्मा वर केला. बरीच वर्षं तो या गिऱ्हाइकाला खतं देत होता. "तब्येत बरी हाय ना, भिमाजीराव? तंबाखूला पोटॅश नको म्हंता?"

"पोटॅशनं पान मऊ पडतं."

"मंग मऊच पायजे की!"

"मला चावनारं पायजे."

"आवं पन पाऊस न्हाई, पानी न्हाई, आन वर युरिया? तहानलेल्या मानसाला लोनचं चारल्यावानी व्हईल ते. पानाच्या कडा जळत्याल. आन जी जगत्याल ती काळी हिरवी ऱ्हात्याल, पिकायची न्हाईत. असं पान येपारी घेत न्हाई, बिडीवाला घेत न्हाई."

"मला एकाच गिऱ्हाइकाला द्यायचंय," भिमाजी म्हणाला.

गेणभाऊनं गोणी दिली आणि गिऱ्हाईक गेल्यावर शेजारच्या चहावाल्याला सांगितलं, की म्हातारं बहुतेक विष करायला लागलंय.

पहिला हप्ता देऊन भिमाजीनं आठ दिवस पाणी तोडलं. परिणाम गेणभाऊ बोलला तसाच झाला. वरच्या अंगाच्या दोन ओळी भाजल्या पापडासारख्या कडेनं जळाल्या आणि माना टाकून बसल्या. भिमाजीला वाईट वाटलं. पण लढाई म्हटली की माणसं पडायचीच. पुढच्या हप्त्याला त्यानं घोट घोट पाणी सोडलं. झाडं मरत नव्हती, धड जगत नव्हती. फुलाचा तुरा दिसला की तो शेंडा खुडायचा, बगलेतून फुटवा निघाला की नखानं मोडायचा. शेंडा खुडला की झाडाची सगळी मस्ती पानात उतरते, हे त्याचं शास्त्र होतं, आणि एरवी तो ते बेतानं वापरायचा. यंदा बेत नव्हता.

पान आलं. कसलं? वीतभर लांब, म्हशीच्या कानासारखं जाड, काळपट हिरवं, हाताला चरबट आणि चिकट. शेळ्या तंबाखूला तशाही तोंड लावत नाहीत. त्यांनी त्या बांधावरून जाणंसुद्धा सोडलं.

गौरी-गणपतीतच ओतूरहून बातमी आली होती, संस्कृतीला दिवस गेले. साळुबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भिमाजी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसला.

"काय मोजताय?"

"पान मुरायला आन बारशाला एकच गाठ पडतीया," भिमाजी म्हणाला. "बारसं आपल्या दारात. इवाई येनारच."

"आजा व्हनार तुमी," साळुबाई म्हणाली, "आन तुमच्या डोस्क्यात ह्ये?"

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरच्या अखेरीला अवकाळी आला, विजा, गारा, सगळा लवाजमा घेऊन. गावात कुणाचा कांदा गेला, कुणाची द्राक्षं गेली. भिमाजी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन माळावर उभा राहिला आणि आभाळाला शिव्या घातल्या. कोरड्या मातीत निजलेला युरिया पाण्यासरशी जागा झाला. पिकायला लागेल लागेल म्हणेपर्यंत पानं पुन्हा हिरवीगार झाली, नवे फुटवे फुटले. हौशीरामाचं नशीब पाऊस होऊन आलं, अशी भिमाजीची खात्री पटली. त्यानं फुटवे मोडले, विहिरीची मोटार बंद केली आणि पुढचे दोन महिने झाडांना थेंब दाखवला नाही. पौषातल्या कोरड्या वाऱ्यानं पान पुन्हा आखडलं. पिकल्या पानावर येतात ते तपकिरी ठिपके काही आले नाहीत. चिडका माणूस म्हातारा होऊनही पिकत नाही, तसं ते पीक.

पानं तोडायला तो सकाळी दवातच उतरला, उघड्या अंगानं, ओली पानं काखेत धरत. तासाभरात शिवार फिरायला लागलं. घाम सुटला, हातपाय लटपटले, आणि भिमाजी सरीत बसून भडाभडा ओकला. साळुबाई धावत आली, अंगावर पाणी ओतलं, लिंबूपाणी पाजलं. भिमाजीचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि त्या राखेत डोळे निखाऱ्यासारखे चमकत होते.

"साळे," तो म्हणाला, "नुसत्या कातड्यातनं चढली गं! त्वांडात गेल्यावर काय करील!"

"आदी तुमाला न्हेईल," साळुबाई म्हणाली आणि स्वतः अंगभर कपडे घालून उरलेली पानं तोडली. नवऱ्याचा सूड तिला मान्य नव्हता, पण पीक शेतात ठेवणं त्याहून मान्य नव्हतं.

एरवीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही माल निघाला नाही. व्यापारी आला, पान हुंगलं आणि शिंकतच गाडीत बसला. "ह्ये जळनार न्हाई, मुरनार न्हाई," तो खिडकीतून म्हणाला. "म्हशीच्या उवा मारायला ठिवा." साळुबाईनं त्या दिवशी भाकरी थापल्या त्या परातीला भोक पडेल अशा. भिमाजीनं मात्र सगळ्यांत काळं पान निवडून चंचीत भरलं. नखाएवढा तुकडा स्वतः चाखून पाहिला. दिवस मावळेपर्यंत उचकी थांबली नाही. समाधानाची उचकी होती ती.

नात झाली. आरोही नाव ठरलं. चैत्राच्या तोंडावर बारशाला ओतूरची मंडळी आली. ठकूबाई कुंची-टोपडी घेऊन, हौशीराम मिशा आणि उपरणं घेऊन. आत बायकांनी पाळण्याभोवती कलकलाट मांडला. ओट्यावर पुरुषांचा चहा झाला. मेथीची आठवण ठेवून आलेली गावातली सगळी टाळकी आपसूक भिंतीला टेकून बसली. भिमाजीनं चंची सोडली.

"आरं वा," हौशीराम म्हणाला, "मेथी निघाली जनू!"

ओटा हसला. भिमाजीनं चुना लावला, अंगठ्यानं मळली, दोन टाळ्या मारल्या. पहिल्या टाळीलाच शेजारचा शिंकला. भिमाजीनं तळहात पुढे केला आणि नेमकी त्याच क्षणी त्याला एक गोष्ट आठवली.

आपल्याकडची रीत आहे. मळलेल्या तंबाखूतली चिमूट पाहुण्यानं आधी उचलायची आणि हातावर उरेल ती मळणाऱ्यानं त्याच्यासमोर स्वतःच्या तोंडात टाकायची. हात झटकला तर पाहुण्याचा अपमान. पोरगाही ही रीत जाणतो. भिमाजीनं हजारदा पाळली होती. पण वर्षभर तो हौशीरामाच्याच तोंडाचा विचार करत राहिला. आपल्यालाही एक तोंड आहे हे साफ विसरला.

हौशीरामानं जन्मभर तंबाखू खाल्ली होती. वासावरून त्यानं ओळखलं, की यंदा मामला वेगळा आहे. त्यानं मिशीत हसत दोन बोटांनी मुंगीएवढी चिमूट उचलली.

"घ्या की मनमोकळी!" भिमाजी घाबरून म्हणाला.

"छ्या, छ्या. मळली तुमी, मान तुमचा. टाका त्वांडात."

सगळा ओटा बघत होता. भिमाजीनं लेकीच्या कल्याणाचा विचार केला, कुलदैवताचं नाव घेतलं आणि तळहात ओठांवर पालथा केला.

पुढचं बोलणं थांबलं. कुणीतरी कांद्याच्या भावाचा विषय काढून पाहिला, पण दोन्ही व्याही नुसते माना हलवत होते. मुंगीएवढी चिमूट हौशीरामाच्या हिरडीत विंचवासारखी डसली होती. त्याच्या कपाळावर घामाचे मणी आले, कान लाल झाले, मिशांची टोकं खाली आली. भिमाजीच्या डोळ्यांपुढे ओटा, गाव, शिवार गोल फिरत होतं. त्याच्या मनात एकच होतं: मी मेलो तरी चालेल, आधी तू थुंक.

तेवढ्यात हौशीरामानं खोकल्याचं निमित्त केलं. उपरणं तोंडाशी नेलं, जरा खाकरला आणि उपरण्याची घडी करून मांडीखाली घातली. भिमाजीनं ते पाहिलं. थुंकला! व्याही थुंकला, स्वतःच्या पांढऱ्या उपरण्यात! त्याच्या छातीत ढोल वाजायला लागले. आता फक्त ओरडायचं होतं. त्यानं ओठ हलवले आणि लगेच घट्ट मिटले. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि उघडलं असतं तर आधी तोच सगळ्यांसमोर थुंकला असता.

हौशीरामाच्याही ते ध्यानात आलं. रिकाम्या तोंडाचा गाल त्यानं जिभेनं फुगवला आणि गोड हसून विचारलं, "काय पावणं, बोलत का न्हाई?"

भिमाजीनं डोळे पुसले. पुन्हा चंची सोडली. पान, चुना, अंगठा, टाळी. दुसरा तळहात त्यानं व्याह्यापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला.

"हाय की अजून," हौशीराम गालाकडे बोट दाखवत म्हणाला. तोंडात तंबाखू असलेल्या माणसाचं बोलणं असं स्वच्छ येत नाही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. एकजण म्हणाला, "कुटं हाय? दावा बरं."

नेमकी ठकूबाई पेढे घेऊन बाहेर आली. नवऱ्याच्या मांडीखाली चुरगळलेलं उपरणं पाहून तिचा जीव कळवळला. "आवं, सकाळीच परीटघडीचं दिलंय, त्यावं बसताय काय?" म्हणत तिनं ते ओढून काढलं आणि सवयीनं झटकलं. मधोमध पिवळाकाळा डाग, भाकरीएवढा.

"अगं बाय, ह्ये काय केलं?"

ओटा असा हसला की आत पाळण्यातली आरोही दचकून रडायला लागली. भिमाजी उठला. अतिशय सावकाश, ताठ मानेनं ओट्याच्या पायऱ्या उतरला, घराच्या मागे गेला, गोठ्याच्या भिंतीला दोन्ही हात टेकले आणि मग त्याच्या पोटात जे जे होतं ते सगळं त्यानं शेणात घातलं. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खुंट्याला धरून दुसरं कुणीतरी तेच करत होतं.

"भिमाजी," हौशीराम धापा टाकत म्हणाला, "काय घातलंस रं हिला?"

"युरिया. आन तहान."

दोघं गव्हाणीच्या कडेला बसले. साळुबाई दोन तांबे पाणी घेऊन आली, दोघांकडे बघून तांबे आपटून गेली. हौशीरामानं चूळ भरली आणि मिशा पुसल्या.

"मला पानं देशील?" त्यानं हळूच विचारलं. "पेंडीभर."

"कशाला?"

"आमची थोरली अवसरी खुर्दला दिलीया. तिथला इवाई हाय दादाभाऊ. त्यानं माज्या बैलाला चारचौघांत गाढाव म्हनलं व्हतं. पाच वर्सं झाली." हौशीरामाचे डोळे ओले होते, पण आता त्यांत धार चढली होती. "पुढल्या आयतवारी तिकडं जायचंय."

भिमाजीनं त्याच्याकडे पाहिलं. या माणसाबद्दल त्याला पहिल्यांदाच आपलेपणा वाटला. पण वैर म्हणजे वैर.

"देतो की," तो म्हणाला. "पन आदी पुढं चला. सगळी बसल्याती. मांडवात म्हनलावता ते माघारी घ्या."

"हितंच घेतो."

"म्हस ऐकून काय करनार? वट्यावर."

हौशीरामानं मिशांवरून हात फिरवला. त्या वर राहिनात. मग तो उठला, उपरण्यावाचून, उघड्या खांद्यानं ओट्यावर गेला आणि भरल्या बैठकीत घसा खरवडून म्हणाला, "ऐका मंडळी. भिमाजीची तंबाखू खरी. मी थुकलो."

ओटा हसला, पण या वेळचं हसू भिमाजीनं खिशात घालावं तसं घेतलं. आतून साळुबाईचा आवाज आला, "झालं का समाधान? मंग पाळन्याजवळ या, नातीच्या कानात नाव सांगायचंय!"

"त्वांड धुवून या आदी," ठकूबाईनं आतूनच भर घातली. "दोघंबी."

संध्याकाळी ओतूरची गाडी निघाली तेव्हा हौशीरामाच्या पायाशी सुतळीनं बांधलेली काळ्या पानांची पेंडी होती. भिमाजी खिडकीशी वाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"इवाई, एक ध्यानात ठिवा. दादाभाऊला मळायला लावा. चिमूट तुमी उचला, मुंगीएवढी."